चाकांतील हवा : शेतांतली आणि सडकेवरची

हवा ही फुकट मिळणारी वस्तु आहे अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि श्वासोच्छ्वासापुरती ती खरीहि आहे. परंतु तीच हवा रबरी चाकांत कोंडून तिच्यावर दोन टनांचा भार ठेवावयाचा म्हटला, कीं तिला मोल येतें. बीड जिल्ह्यांतील एखाद्या पाणंदीच्या तोंडाशीं, गांवापासून चार कोस दूर, ऐन रात्रीं चाक बसलें म्हणजे तें मोल किती आहे हें गाडीवानाला कोणी सांगावें लागत नाहीं. शेतांत आणि आडवाटेनें चालणाऱ्या वाहनांच्या टायरांत हवा भरण्यासाठीं कोणता काँप्रेसर घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां दुकानदाराचा आणि गिऱ्हाइकाचा वाटतो. त्याच्या मुळाशीं मात्र जमिनीचें आरोग्य, बैलांचे कष्ट आणि माणसांचे जीव या तीन गोष्टी आहेत. म्हणून शहरांत राहून गांवच्या शेतीवर लक्ष ठेवणाऱ्या कुटुंबांनींहि त्याचा थोडा विचार करणें अगत्याचें आहे.

बीड जिल्ह्याची भूमि एकसारखी नाहीं. उत्तरेस गेवराई, माजलगांव या बाजूला गोदावरीच्या खोऱ्यांतील काळी कसदार जमीन आहे. पाटोदा, धारूर यांच्याकडे बालाघाटाच्या रांगेंत ती हलकी, मुरमाड व खडकाळ होते. काळी जमीन ओली असली कीं लोण्यासारखी मऊ आणि सुकली कीं विटेसारखी कठीण. तींतून निघालेलें वाहन घटकाभरांत डांबरी सडकेवर येतें, आणि तेथून पुन्हां खडीच्या वाटेला लागतें. एकाच चाकाला एका दिवसांत इतक्या तऱ्हेच्या भूमीवरून जावें लागतें.

त्यांत ऊंसतोडीचा हंगाम आला. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतून मोठ्या संख्येनें ऊंसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथें 'एक कोयता' म्हणतात, आणि मजुरी टनावर मोजतात. कोणी रबरी टायरांच्या बैलगाडीनें ऊंस वाहतो, कोणी डोक्यावरून मोळ्या नेऊन मालमोटार भरतो, तर कोणी ट्रॅक्टरामागें दोन छोट्या गाड्या जोडलेल्या 'जुगाडा'वर काम करतो. जेथें मजुरी टनावर, तेथें चाक बसून गेलेले तीन तास म्हणजे त्या दिवसाच्या भाकरींतले तीन तास.

हवेच्या चाकाची कल्पना बरीच जुनी आहे. स्कॉटलंडांतील रॉबर्ट विल्यम थॉमसन यानें १८४५ सालीं तिचें पेटंट घेतलें. परंतु त्या काळीं रस्त्यांवर घोड्यांच्या गाड्याच होत्या आणि ती कल्पना मागें पडली. पुढें बेलफास्ट येथील जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेची रबरी धांव तयार केली आणि १८८८ सालीं तिचें पेटंट घेतलें. योगायोग असा, कीं लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या बेळगांव येथील सायकलींच्या दुकानाचा आरंभहि १८८८ सालचाच मानतात; आणि त्याच घराण्याच्या उद्योगांतून १९५८ सालीं पुण्यास हवेचे काँप्रेसर करणारी स्वतंत्र कंपनी निघाली. सायकलीला हवेचें चाक लवकर मिळालें, पण शेताच्या ट्रॅक्टराला तें फार उशिरां मिळालें. अमेरिकेंत ॲलिस-चामर्स कंपनीनें १९३२ सालीं हवेच्या टायरांचा ट्रॅक्टर विकावयास काढला. तोंपर्यंत ट्रॅक्टर म्हटला कीं त्याला दांत्यांचीं लोखंडी चाकें असावयाचीं.

आतां या चाकाचें मर्म पाहूं गेलें तर तें एका वाक्यांत सांगतां येईल. टायर जमिनीवर जो दाब देतो, तो ढोबळ मानानें त्याच्या आंतील हवेच्या दाबाइतकाच असतो. भार तोच ठेवून हवा कमी केली तर टायर पसरतो, अधिक जागेवर टेकतो, आणि दर चौरस इंचावरील ओझें घटतें. हवा वाढविली तर टायर गोल व ताठ होतो, थोड्या जागेवर उभा राहतो आणि मऊ भूमींत रुततो. म्हणून शेतांत हवा कमी असावी. तेथें ट्रॅक्टराच्या मागच्या टायरास दर चौरस इंचास १२ ते १६ पौंड दाब बहुधा पुरतो. उलट सडकेवर भार ओढतांना टायर ढिला राहिला तर तो प्रत्येक फेऱ्यांत दबतो व उठतो; त्या दबण्या-उठण्यांत शक्ति वायां जाते, रबर तापतें आणि टायराच्या कुशी फाटतात. ट्रॅक्टराच्या बाबतींत ही शक्ति डिझेलांतून जाते. बैलगाडीच्या बाबतींत ती बैलांच्या खांद्यांतून जाते. बैल मुकें जनावर असल्यामुळें चाकांत हवा कमी आहे हें तो बोलून दाखवीत नाहीं, इतकेंच.

ओल्या काळ्या जमिनींत ताठ टायराचा ट्रॅक्टर फिरविला तर त्याचा परिणाम त्या दिवशीं दिसत नाहीं. चाकोरीखालची माती घट्ट बसते, तिच्यांतील पोकळ्या मिटतात, पावसाचें पाणी आंत मुरत नाहीं आणि पिकाचीं मुळें खोल जात नाहींत. जेथें पावसाचा थेंबन् थेंब जमिनींत जिरावा लागतो, त्या अवर्षणप्रवण मुलखांत हें नुकसान लहान नव्हे.

मग शेतांत हवा कमी करावी आणि सडकेवर येतांच भरावी, हें इतकें सोपें असतांना कोणी करीत कां नाहीं? कारण उघड आहे. हवा सोडण्यास एक काडी पुरते. ती परत भरण्यास यंत्र लागतें, आणि तें तालुक्याच्या रस्त्यावरील पंक्चरवाल्याकडे असतें. म्हणून माणूस चाकें कायमचीं ताठ ठेवतो आणि जमीन तुडवितो, किंवा कायमचीं ढिलीं ठेवतो आणि टायर व बैल दोन्ही झिजवितो. सोडलेली हवा जागेवर परत भरतां येईल अशी सोय जवळ असणें, हाच या रोगावरचा उपाय होय. लष्करी लोकांनीं हें फार पूर्वीं ओळखलें. १९४२ सालीं अमेरिकेंत 'डक' नांवाची पाण्यांत व जमिनीवर चालणारी मोटार तयार झाली. तिच्या चाकांतील हवा चालकाला बसल्या जागेवरून कमी-अधिक करतां येईल अशी योजना पुढें तींत करण्यांत आली. किनाऱ्याच्या मऊ वाळूंत हवा सोडावयाची आणि पक्की वाट लागतांच भरावयाची. बीडच्या शेतकऱ्याला एवढ्या डामडौलाची गरज नाहीं. त्याला एक योग्य काँप्रेसर पुरेल.

योग्य म्हणजे कोणता, हें शाळेंतील त्रैराशिकानें ठरवितां येतें. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं दाब आणि आकारमान यांचा जो नियम प्रसिद्ध केला, तो येथें कामास येतो. मोकळ्या हवेचा दाब दर चौरस इंचास सुमारें १४.७ पौंड असतो. टायरांत जितक्या लिटरची पोकळी, त्या संख्येला वाढवावयाच्या दाबानें गुणावें आणि १४.७ नें भागावें. किती लिटर मोकळी हवा आंत घालावयाची तें निघतें. पोकळीचे पुढील आंकडे केवळ हिशेबासाठीं धरलेले आहेत.

पहिलें उदाहरण बैलगाडीचें. टायराची पोकळी ५० लिटर धरावी व दाब ३० वरून ५० पौंडांवर न्यावयाचा आहे असें समजावें. उत्तर येतें ६८ लिटर. पायानें दाबण्याच्या पंपांतून एका दाबास अर्धा लिटर हवा गेली, तर एका चाकाला १३६ आणि दोन चाकांना २७२ दाब झाले. आणि पंपाची गळती धरली तर त्याहून अधिक. पहांटेपासून कोयता चालविलेल्या माणसाला संध्याकाळीं हें काम सांगावयाचें आहे, हें लक्षांत ठेवावें.

दुसरें उदाहरण ट्रॅक्टराच्या मागच्या टायराचें. पोकळी २०० लिटर आणि दाब १२ वरून १८ पौंडांवर न्यावयाचा. उत्तर येतें सुमारें ८२ लिटर. येथें हवा बरीच लागते, पण दाब अगदीं थोडा लागतो. तिसरें उदाहरण ऊंसाच्या ट्रॉलीचें. पोकळी १०० लिटर. टायर पार बसलेला. त्याला ८० पौंडांपर्यंत न्यावयाचें. उत्तर येतें ५४४ लिटर. येथें हवाहि पुष्कळ आणि दाबहि मोठा. मिनिटाला खरोखर ३० लिटर हवा देणाऱ्या लहान काँप्रेसरानें बैलगाडीचें एक चाक सव्वादोन मिनिटांत व ट्रॅक्टराचें पावणेतीन मिनिटांत होईल. ट्रॉलीच्या चाकाला मात्र अठरा मिनिटें लागतील. प्रत्यक्षांत अधिकच, कारण दाब चढत जातो तशी लहान यंत्राची हवा घटत जाते. मिनिटाला १५० लिटर देणारें यंत्र तेंच काम चार मिनिटांच्या आंत करील. तेव्हां "सर्वांत चांगला काँप्रेसर कोणता?" या प्रश्नाला उत्तर नाहीं, कोणत्या चाकासाठीं, हें आधीं सांगितलें पाहिजे.

बाजारांत जे प्रकार मिळतात ते असे. मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहान काँप्रेसर हा सर्वांत सुटसुटीत. जीप, लहान ट्रॅक्टर व बैलगाडी यांना तो पुरतो. हातांत मावणारे, आंत स्वतःची बॅटरी असलेले पंप शहरांतील मोटारीला व सायकलीला ठीक. शेतांतील मोठ्या टायरापुढें त्यांचा दम लवकर संपतो. पट्ट्यानें एंजिनावर चालणारा, टांकी जोडलेला काँप्रेसर हा ट्रॅक्टर व ट्रॉलीवाल्याचा खरा सोबती. त्याला विजेची वाट पहावी लागत नाहीं. विजेचा टांकीवाला काँप्रेसर घरच्या गोठ्याशीं उत्तम, पण शेतीच्या विजेच्या ठराविक तासांचा तो बांधलेला असतो आणि बांधावर नेतां येत नाहीं. मोठ्या मालमोटारींना ब्रेकांसाठीं हवेची टांकी असतेच. योग्य जोडणी व नळी असेल तर अडल्या वेळीं तीहि उपयोगी पडते.

खरेदीच्या वेळीं घेणाऱ्यानें चार गोष्टी विचाराव्या. पहिली, कोणत्या दाबावर किती हवा मिळते. डब्यावर मोठ्या अक्षरांत १५० पौंड छापलेलें असतें. तेवढा दाब ज्याला कधीं लागत नाहीं त्याला त्या आंकड्याचा उपयोग काय? शिवाय कांहीं ठिकाणीं दट्ट्याच्या हालचालीवरून काढलेली हवा सांगतात. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा तीहून बरीच कमी असते. आपल्या टायराच्या दाबावर मिनिटाला खरोखर किती लिटर, हाच प्रश्न करावा. दुसरी, यंत्र न थांबतां किती वेळ चालतें. हवा दाबली कीं ती तापते, आणि तिच्याबरोबर दट्ट्या, नळकांडें व नळीहि तापते. दहा मिनिटें चालवून वीस मिनिटें थांबवावें लागणारें यंत्र चार चाकांच्या गाडीला सोसत नाहीं.

तिसरी गोष्ट, तें शक्ति कोठून घेतें. १२ व्होल्टचा बरा काँप्रेसर ३० अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो. त्याला गाडींतील मोबाइल चार्ज करण्याच्या खाचेंत लावलें तर फ्यूज उडतो. जाड तारांच्या चिमट्यांनीं तो थेट बॅटरीवर लावावा, मध्यें फ्यूज असावा आणि भरतांना एंजिन चालू ठेवावें. नाहीं तर टायर भरेल आणि गाडी सुरू होणार नाहीं. चौथी गोष्ट, नळी आणि दाबाचा कांटा. नळी मागच्या चाकापर्यंत सैल पोंचेल इतकी लांब हवी. शून्यापासून १६० पौंडांपर्यंतच्या तबकडीवर १२ आणि १५ यांतील फरक नीट वाचतां येत नाहीं; म्हणून ट्रॅक्टराच्या टायरासाठीं कमी दाबाचा वेगळा कांटा घ्यावा. दाब नेहमीं टायर थंड असतांना, म्हणजे सकाळीं, मोजावा. किती दाब ठेवावयाचा हें टायरावर व टायर-कारखान्याच्या पुस्तकांत भाराप्रमाणें दिलेलें असतें. तेंच प्रमाण मानावें.

ट्रॅक्टराच्या मागच्या टायरांत वजनासाठीं पाणी भरण्याची चाल आपल्याकडे आहे. बहुधा तीन हिस्से पाणी व एक हिस्सा हवा असते. हवेला जागा थोडी, म्हणून जराशी हवा गेली तरी दाब झपाट्यानें उतरतो. अशा टायराचा दाब पाहतांना व भरतांना व्हॉल्व्ह वरच्या अंगास आणावा. नाहीं तर पाणी कांट्यांत व नळींत शिरतें.

आतां सर्वांत महत्त्वाचें, तें जिवाचें. दाबलेली हवा म्हणजे ताणून धरलेला धनुष्याचा बाण होय. ट्रॉलीच्या कित्येक चाकांना सुटी लोखंडी कडी असते. ती नीट बसली नसतां हवा भरली तर ती तोफेच्या गोळ्याप्रमाणें सुटते. म्हणून भरणाऱ्यानें चाकाच्या समोर कधींहि बसूं नये. व्हॉल्व्हला चिकटून राहणारें तोंड व लांब नळी वापरून बाजूला उभें रहावें. मुलांना दूर ठेवावें. बसलेल्या चाकावर बरेंच अंतर गाडी ओढलेली असेल तर टायर उतरवून आंतून पाहिल्याखेरीज हवा भरूं नये. ट्रॅक्टराचा टायर रिमवर बसवितांना दाब ३५ पौंडांच्या वर नेऊं नये असा कारखानदारांचा सर्वसाधारण इशारा आहे. तेवढ्यावर तो बसला नाहीं तर हवा सोडून पुन्हां नीट लावावा.

टांकीचीहि तीच गोष्ट. दाबलेल्या हवेंतील ओल टांकीच्या तळाशीं सांचते व पत्रा आंतून गंजतो. बाहेरून रंग झकास असतो आणि आंतून पत्रा कागदासारखा झालेला असतो. रोज काम संपल्यावर तळाची चावी उघडून पाणी काढावें. जादा दाब सोडणारी सुरक्षेची कळ कधींहि बांधून किंवा बंद करून ठेवूं नये. जुन्या गॅसच्या नळकांड्याला टांकी करणें, गळक्या टांकीला गांवांतल्या गांवांत डाग लावणें, या काटकसरीपायीं माणसें दगावतात. काँप्रेसर जुना मिळाला तर एक वेळ चालेल. टांकी मात्र नवी व खात्रीची असावी.

इतकें ऐकल्यावर कोणी म्हणेल, कीं ज्या टोळीला उचल घेऊन घर सोडावें लागतें तिनें हें यंत्र घ्यावें कोठून? शंका रास्त आहे. परंतु एकेका गाडीवानानें तें घेण्याचें कारण नाहीं. टोळींत जितक्या गाड्या, तितक्यांत मिळून एक यंत्र पुरतें. मुकादमाच्या ट्रॅक्टरावर तें बसवितां येतें. आणि जो कारखाना टायरगाड्या पुरवितो, त्यानें गाड्यांच्या तळावर एक काँप्रेसर, एक खरा कांटा व तो चालविणारा माणूस ठेवणें हें त्याच्याच हिताचें आहे. गांवांतहि सहकारी सोसायटीनें किंवा चार ट्रॅक्टरवाल्यांनीं एकत्र येऊन तें घेतां येईल. शहरांत राहणारा भाऊ दिवाळीला गांवीं जातांना घरच्यांसाठीं भेट नेतोच. एखाद्या वर्षीं त्या भेटींत कमी दाबाचा एक चांगला कांटा आणि एक बेताचा काँप्रेसर असावयास हरकत नाहीं. आणि तो देतांना, चाकासमोर बसूं नये, हे चार शब्दहि बरोबर द्यावे.

शेवटीं सार इतकेंच. आधीं चाक पहावें, मग त्याची पोकळी व दाब पहावा, मग हिशेब करावा आणि सर्वांत शेवटीं दुकानांत जावें. हा क्रम उलटला कीं पैसे जातात आणि अडचण तशीच राहते. बाजारांतील सर्वांत मोठें यंत्र घेणारा नव्हे, तर शेताच्या तोंडाशीं उतरून दोन मिनिटें हवा सोडणारा आणि सडकेच्या तोंडाशीं थांबून दहा मिनिटें ती भरणारा गाडीवान शहाणा. त्या बारा मिनिटांत त्याची जमीन मोकळी राहते, टायर टिकतो आणि बैलांची मान हलकी होते.